एका वर्षात दोन वाटा, दोन्हींवर विक्रम: सोलापूरकरांचे प्रश्न

गेल्या अंकात लांब पल्ल्याच्या पायवाटांवरच्या वेगविक्रमांवर लेख होता. अमेरिकेतल्या तीन मोठ्या वाटा, म्हणजे ॲपलेशियन ट्रेल (सुमारे ३,५०० कि.मी.), पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल (सुमारे ४,२६५ कि.मी.) आणि काँटिनेंटल डिव्हाइड ट्रेल (सुमारे ५,००० कि.मी.), आणि एकाच वर्षात त्यांतल्या एकाहून अधिक वाटांवर विक्रमासाठी उतरणारी माणसं, हा त्याचा विषय. त्यावर सोलापुरातून भरपूर पत्रं आली, म्हणून या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि नावांऐवजी पत्र लिहिणाऱ्याचा भाग छापला आहे.

इथे शर्यत नाही, पंच नाहीत. मग विक्रम ठरतो कसा? आणि रोज किती चालावं लागतं? (जुळे सोलापूर)

ठरलेल्या वाटेवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आजवर नोंदली गेलेली सर्वांत कमी वेळ म्हणजे विक्रम. या क्षेत्रात त्याला ‘एफकेटी’ (फास्टेस्ट नोन टाइम) म्हणतात. घड्याळ सुरुवातीला चालू होतं आणि शेवटच्या खुणेला हात लागल्यावरच थांबतं. झोप, जेवण, आजारपण, वादळात अडकून काढलेली रात्र, सगळं त्यातच धरलं जातं.

प्रकार तीन आहेत. पहिल्यात सोबत पथक असतं. ते रस्ता जिथे वाट ओलांडतो तिथे गाडी घेऊन थांबतं आणि जेवण, बूट, झोपायची जागा पुरवतं. दुसऱ्यात पथक नसतं. स्वतः आधी टपालाने पाठवलेल्या खोक्यांतून किंवा वाटेवरच्या दुकानांतून सामान घ्यायचं, म्हणजे जे कुणालाही मिळू शकतं तेवढंच. मोठ्या वाटांवर परंपरा अशी की गावात सामान आणायलाही पायीच जायचं, वाहनात बसायचं नाही. तिसऱ्यात झऱ्या-ओढ्याचं पाणी सोडून सगळं पहिल्या पावलापासून पाठीवर असतं. हजारो किलोमीटरच्या वाटांवर तो जवळपास अशक्य, छोट्या वाटांवरच चालतो. प्रकार आधी जाहीर करायचा. मध्येच मित्राने आणून दिलेली एक कोल्ड्रिंकची बाटलीसुद्धा दुसरा प्रकार मोडते.

आता रोजचा हिशोब. टारा डावर यांनी २०२४ मध्ये ॲपलेशियन ट्रेल पथकासह ४० दिवस १८ तास ६ मिनिटांत पूर्ण केली. भागाकार केला तर दिवसाला सुमारे ८७ कि.मी. बेल्जियमचे कारेल साबे यांनी २०२३ मध्ये पॅसिफिक क्रेस्ट ४६ दिवस १२ तास ५० मिनिटांत केली, तिथे हाच आकडा ९१-९२ कि.मी. पडतो. झोप आणि थांबे मिळून सात तास धरले तर उरलेल्या सतरा तासांत ताशी पाच ते साडेपाच कि.मी. होतात. सपाटीवर झपझप चालणाऱ्या माणसाचा हा वेग आहे. अवघड आहे ते चढ, चिखल, दगड आणि रात्र धरून तो वेग रोज सतरा तास टिकवणं.

म्हणून रोजचा एक तास वाया जाऊ न देणं हे ताशी सुमारे ३०० मीटर वेग वाढवण्याइतकंच मोलाचं. चाळीस दिवसांत चाळीस तास, म्हणजे चालण्याचे दोन दिवसांहून जास्त. आणि तो तास कुठे जातो? सॅकमध्ये टॉर्च शोधण्यात, पाणी गाळताना नुसतं बसून राहण्यात, बुटातला खडा ‘पुढे काढू’ म्हणत फोड आणण्यात आणि मग तो फोड बांधण्यात.

मी दहा कि.मी. ४५ मिनिटांत पळतो. वय २१. सोलापूर सगळं सपाट, त्यात उन्हाळा असा. इथे राहून तयारी होईल का? (होटगी रोड)

होईल, पण दहा किलोमीटरची वेळ बाजूला ठेवा. या कामात मोजायचे ते पायावर काढलेले तास. आठवड्याला आठ तासांपासून सुरुवात करा आणि नऊ-दहा महिन्यांत अठरा तासांपर्यंत या. दर चौथ्या आठवड्यात एक तृतीयांश कमी करायचे. हाड आणि स्नायूबंध दमापेक्षा खूप सावकाश घट्ट होतात. तुमच्या वयात दम दोन महिन्यांत येतो आणि नेमकं तिथेच नडगी जाते.

आठवड्याचा कणा म्हणजे शनिवार-रविवारची जोडी. शनिवारी सात तास आणि रविवारी, पाय जड असताना, पाच तास. दोन्ही दिवस पाठीवर पाच-सहा किलोची सॅक. डांबरी रस्ता टाळता येईल तितका टाळा. हिप्परग्याच्या तलावाकडची मातीची वाट, मोहोळ-पंढरपूर भागात उजनी कालव्याच्या कडेचे कच्चे रस्ते, नान्नजकडची माळरानं पायाला बरी. माळढोक अभयारण्याच्या हद्दीत मात्र परवानगीशिवाय शिरू नका. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी जाणाऱ्यांची रीघ लागते. ते ४५ कि.मी. रात्रभर चालणं ही पहिल्या वर्षाची सर्वांत चांगली परीक्षा, कारण झोप मोडून चालल्यावर पोट, पाय आणि डोकं कसं वागतं ते घरच्या जवळ कळतं. एरवी त्या महामार्गावर अंधारात एकट्याने सराव करू नका, ट्रकची वर्दळ फार असते.

चढ नाही ही अडचण खरी, पण तिच्यावर उपाय आहे. ४० सें.मी. उंचीची भक्कम पायरी किंवा लाकडी खोकं घ्या. १,५०० वेळा चढलं की ६०० मीटर चढ झाला. आठवड्यातून दोनदा, दहा किलो पाठीवर घेऊन. सुरुवात ३०० ने करा. खाली उतरताना पाय आपटायचा नाही, तीन मोजेपर्यंत हळू टेकवायचा. या हळू उतरण्यानेच मांडीचा पुढचा स्नायू उतारासाठी तयार होतो.

तरीही खरा उतार पायरीवर मिळत नाही. महिन्यातून एकदा पुण्याला जाऊन सिंहगडाच्या आतकरवाडीच्या वाटेने तीन-चार फेऱ्या करा, एका फेरीत सुमारे ६०० मीटर चढ-उतार होतो. प्रमाण लक्षात यावं म्हणून सांगतो: ॲपलेशियन ट्रेलचा एकूण चढ सुमारे १,४१,००० मीटर आहे, म्हणजे सिंहगड २३५ वेळा. विक्रमाच्या गतीने ते रोज जवळपास सहा सिंहगड होतात, त्या ८७ कि.मी.च्या आतच.

उन्हाळ्याचं म्हणाल तर मार्च ते मे पहाटे साडेचारला निघून साडेआठच्या आत घरी. ऊन सोसायची सवय उपयोगी आहे, कारण पॅसिफिक क्रेस्टचा दक्षिण कॅलिफोर्नियातला भाग जुलैत आपल्या एप्रिल-मेसारखा तापतो. पण ती सवय कडक उन्हात मोठं अंतर काढून लावायची नसते. सरावाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो कमी भरलं तर साधारण एक लिटर घाम भरून निघायचा राहिला. दोन टक्क्यांहून जास्त उतरत असेल तर वाटेतलं पाणी वाढवा. वजन उलट वाढलं असेल तर नुसतं पाणी फार होतंय, आणि ते जास्त धोक्याचं: रक्तातलं सोडियम खाली जातं, डोकं दुखतं, मळमळतं, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. अशा माणसाला आणखी पाणी पाजू नका, थेट दवाखान्यात न्या.

तिन्ही वाटा एकाच वर्षात करायच्या तर कधी निघायचं? व्हिसाचं काय? (शेळगी)

तीन वाटा एका कॅलेंडर वर्षात पहिल्यांदा पूर्ण केल्या ब्रायन रॉबिन्सन यांनी, २००१ मध्ये, आणि त्यांना सुमारे दहा महिने लागले. २०१८ मध्ये हेदर अँडरसन हे करणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. दोघांच्याही मार्गात बर्फ हाच मुख्य प्रश्न होता. सिएरा आणि कोलोरॅडोचे डोंगर जूनपर्यंत, कधी जुलैतही बर्फात असतात आणि उत्तरेकडे सप्टेंबरअखेर पुन्हा बर्फ पडू लागतो. त्यामुळे वाटांचे तुकडे करून, एकीवरून दुसरीवर उड्या मारत जावं लागतं. तुकडे केले की एकेका वाटेचा सलग विक्रम होत नाही, कारण तिथे घड्याळ थांबत नाही. ‘तिन्ही एका वर्षात’ हे एक लक्ष्य आणि ‘दोन वाटांवर सलग वेगविक्रम’ हे दुसरं. निवड आधी करा.

भारतीय पासपोर्टवर निवड बहुतेक व्हिसाच करतो. पर्यटक व्हिसावर विमानतळावरचा अधिकारी सहसा सहा महिन्यांपर्यंतचा मुक्काम देतो. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका वेळच्या मुक्कामाची मुदत वेगळी. दहा महिन्यांचा बेत त्यात बसत नाही, दोन वाटा बसतात.

आमची मांडणी अशी. १० एप्रिलच्या सुमारास जॉर्जियातून ॲपलेशियन ट्रेल उत्तरेकडे सुरू करा. साठ दिवस धरले तर ८-९ जूनला मेन राज्यातल्या कताडिन पर्वतावर, म्हणजे वाटेच्या शेवटी पोचता. त्याआधी पोचण्यात अर्थ नाही, बॅक्स्टर स्टेट पार्कमधल्या त्या शिखराच्या वाटा साधारण मे संपेपर्यंत बंदच असतात. मग चार आठवडे विश्रांती. ८ जुलैच्या सुमारास मेक्सिको सीमेवरच्या कँपोहून पॅसिफिक क्रेस्ट. दिवसाला ६१ कि.मी. धरले तर सत्तर दिवसांत, सप्टेंबरच्या मध्याला कॅनडाच्या सीमेवर. एकूण सुमारे १६० दिवस होतात, हाताशी वीसेक दिवस राहतात. ही गती विक्रमाची नाही, हे दिसतंच आहे. पहिल्यांदा उतरणाऱ्याने कागदावर हीच लिहावी आणि वाटेवर कमी करावी.

या क्रमाचा तोटा म्हणजे वणवे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उत्तर कॅलिफोर्निया, ओरेगन, वॉशिंग्टनमध्ये वाटेचे तुकडे बंद होतात आणि विक्रमाला पूर्ण वाट लागते. त्यावर इलाज नाही, रोज बंद भागांची यादी बघत राहायची.

परवान्यांचं थोडक्यात: पॅसिफिक क्रेस्टवर ८०० कि.मी.हून लांब जाणाऱ्यांना एकच लांब पल्ल्याचा परवाना मिळतो, तो त्या वाटेच्या संघटनेकडून घ्यायचा. ॲपलेशियनला एकत्रित परवाना नाही, पण ग्रेट स्मोकी माउंटन्स, शेनान्डोआ आणि बॅक्स्टर या उद्यानांचा वेगळा लागतो. कॅनडाने वाटेवरून देशात येण्याची खास परवानगी २०२५ पासून बंद केली आहे. सीमेवरच्या खांबाला हात लावून सुमारे ४८ कि.मी. मागे हार्ट्स पासपर्यंत यावं लागतं. घड्याळ थांबलेलं असलं तरी त्या एका-दोन दिवसांचं जेवण सॅकमध्ये हवं. थकलेला माणूस नेमकं हेच विसरतो.

आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेली तर चालेल का? (साखर पेठ)

चालेल, आणि आम्हाला हा प्रश्न फार आवडला, कारण वजनाला उष्मांक किती या हिशोबात ही जोडी उत्तम बसते. कडक भाकरीच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० उष्मांक, शेंगाचटणीच्या १०० ग्रॅममध्ये साडेपाचशेच्या आसपास. १०० ग्रॅम भाकरीला ६० ग्रॅम चटणी म्हणजे एका जेवणाचे जवळपास ६८० उष्मांक, चुलीशिवाय, फक्त १६० ग्रॅम वजनात.

पण ती कधी खायची हे महत्त्वाचं. ज्वारीत तंतू जास्त, शेंगदाण्यात तेल जास्त, दोन्ही पोटात रेंगाळतात. चढावर खाल्लं तर पोट डब्ब होतं. म्हणून ही जोडी रात्रीच्या मुक्कामाची. भाकरी आधीच तळहाताएवढे तुकडे करून पिशवीत भरा, नाहीतर सॅकच्या तळाशी भुगा होतो. भुगा झालाच तर कोमट पाण्यात चटणीसह कालवून खाता येतो आणि दमलेल्या तोंडाला तेच सोपं जातं. चटणीत तिखट निम्मं करा. दिवसभर पाणी-साखरेवर असलेल्या पोटात नेहमीचं तिखट गेलं की रात्री जळजळ आणि सकाळी धावाधाव. कूट उन्हात खवट होतं, तेव्हा चार दिवसांच्या छोट्या पुड्या हवा काढून सील करा.

चालताना लागते ती साखर. तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं हा पाया, सरावाने काहींना ९० पर्यंत पेलतात. दर अर्ध्या तासाला ३० ग्रॅम: शेंगदाण्याची ४० ग्रॅमची चिक्की साधारण २० ग्रॅम देते, वर एक-दोन खजूर. भूक लागेपर्यंत थांबायचं नाही, घड्याळाचा गजर लावून खायचं. ६० किलोच्या माणसाचे ८० कि.मी.ला सपाटीवरच जवळपास ४,८०० उष्मांक जातात, चढ आणि ओझं धरून सहा हजारांपुढे. एवढं पचत नाही. साडेपाच हजार पोटात गेले तरी दिवस चांगला. त्यासाठी रोज १.१ ते १.२ किलो अन्न लागतं, म्हणजे चार दिवसांच्या टप्प्याला पावणेपाच किलो.

मिठासाठी ओआरएस चांगलं. एक लिटरच्या प्रमाणित पाकिटात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असतं. ते जुलाबासाठी बनवलेलं आहे. चालताना एक पाकीट दोन लिटरमध्ये घाला आणि एक बाटली साधं पाणी वेगळं ठेवा. घेताना पाकिटावर हे प्रमाण बघा. शेजारी ठेवलेली गोड सरबतं ओआरएस नव्हेत.

विमानातून नेताना सगळं अन्न कस्टम्सच्या अर्जावर लिहा. लपवलं तर दंड होतो, लिहिलं तर फार तर काढून घेतात. साठ दिवसांचं नेऊ नका. दहा दिवसांपुरतं घरचं, बाकी तिथलं: शेंगदाण्याचं लोणी तिथल्या प्रत्येक लहान गावात मिळतं.

मुलगी २२ वर्षांची. पाच महिन्यांपासून आठवड्याला शंभर कि.मी. करते. वजन सहा किलो उतरलं, दोन महिने पाळी आली नाही, डाव्या नडगीवर एका जागी दुखतं. हिमोग्लोबिन ९.८. ती म्हणते, हे सगळ्यांनाच होतं. (विजापूर रोड)

ताई, तिचं धावणं आजच थांबवा आणि या आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. तुम्ही लिहिलेल्या चारही गोष्टी एकाच कारणाच्या असू शकतात: जेवढं खर्च होतंय तेवढं पोटात जात नाही. अशा वेळी शरीर आधी पाळी बंद करतं, मग हाडाची डागडुजी कमी करतं. पाळी बंद होणं हे तब्येत कमावल्याचं लक्षण नाही. थायरॉइड आणि इतर कारणंही स्त्रीरोगतज्ज्ञाकडून तपासून घ्यावी लागतील. हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे पंडुरोग. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि ड जीवनसत्त्व सोबतच तपासा.

नडगीचं दुखणं दोन प्रकारचं असतं. स्नायूबंध सुजला तर नडगीच्या पुढच्या बाजूने लांब पट्टा दुखतो आणि पाऊल वर-खाली करताना बोटाखाली करकर जाणवते. हाडाला चीर गेली असेल तर एका बोटाने दाखवता येईल अशी जागा दुखते, त्या पायावर उडी मारली की कळ येते, पुढे रात्री पडल्यावरही ठणकते. ‘एका जागी’ हे तुमचे शब्द वाचूनच आम्ही घाई करायला सांगतोय. सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रे साफ येऊ शकतो. तेवढ्यावर ‘काही नाही’ समजून परत धावायला सोडू नका, एमआरआयविषयी विचारा. मागच्या कडेची चीर साधारण सहा-आठ आठवड्यांत भरते. पुढच्या कडेची हट्टी असते, महिनोनमहिने घेते आणि दुर्लक्ष केलं तर हाड मोडतं.

तिला रागावू नका. तिला सांगा, साठ दिवसांच्या वाटेवर उतरायचं असेल तर पाळी नियमित आणि हिमोग्लोबिन बाराच्या वर ही प्रवेशाची अट आहे. हे तिच्या ध्येयाच्या बाजूचंच बोलणं आहे, तिला ते पटेल.

पहिली वाट संपल्यावर दुसरी सुरू करेपर्यंत किती दिवस थांबायचं? चालत राहिलं तर पाय मोकळे राहणार नाहीत का? (अक्कलकोट रोड)

या सगळ्या खटाटोपाचा निकाल बहुतेक इथेच लागतो, म्हणून जरा सविस्तर.

पहिले दहा दिवस धावणं नाही, सॅक नाही. रोज वीस-तीस मिनिटं सपाटीवर फेरी, नऊ तास झोप. भूक राक्षसासारखी लागते, ती भागवा. प्रथिनं वजनाच्या किलोमागे १.६ ते २ ग्रॅम, म्हणजे ६० किलोला शंभर-एकशेवीस ग्रॅम. पाय सुजतात, घोट्याभोवती दाबलं की खळगा पडतो. तो आठवड्याभरात ओसरावा. एकाच पोटरीला सूज, गरमपणा आणि दुखणं असेल तर शिरेतल्या गुठळीची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लांबच्या विमानप्रवासानंतर तर नक्कीच.

दहाव्या दिवशी रक्त तपासा: हिमोग्लोबिन, फेरिटिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), सीके (स्नायूंची मोडतोड कळण्यासाठी). पहाटेची नाडी रोज अंथरुणातच मोजा. मोहिमेआधीच्या आकड्यापेक्षा पाचाहून जास्त ठोके वर असेल तोवर पुढचा टप्पा नाही. मग दुसरा टप्पा: एक दिवसाआड तासभर चालणं, थोडे पायरीचे चढ. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी एक कसोटी, पूर्ण सॅक घेऊन दोन दिवस लागोपाठ पाच-पाच तास. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना कठडा धरावा लागला तर आणखी एक आठवडा.

फसगत होते ती दुसऱ्या आठवड्यात. दम अफाट वाढलेला असतो, चढावर श्वास लागत नाही, आणि माणसाला वाटतं आपण तयार आहोत. पण स्नायूबंध आणि पावलाची लहान हाडं अजून दुरुस्तीत असतात. या जोरावर लवकर निघालेल्याला नव्या वाटेच्या पहिल्या आठ-दहा दिवसांतच नडगी किंवा टाच गाठते.

चार आठवडे हा किमान आकडा धरा. साबे यांनी २०२३ मध्येच मार्चमध्ये टेनेसीतली बार्कली मॅरेथॉन (नावाला मॅरेथॉन, प्रत्यक्षात सुमारे १६० कि.मी.ची डोंगरातली शर्यत) पूर्ण केली आणि पॅसिफिक क्रेस्टवर ते जुलैत उतरले. दोन मोठ्या गोष्टी एका वर्षात बसल्या त्या मधल्या जवळपास चार महिन्यांमुळे. पहिल्या वाटेत पंधरा दिवस जास्त लागले तर ते दिवस विश्रांतीतून कापू नका, दुसरी वाट सोडा.

बूट किती जोड? (बाळे)

एक जोड ६०० ते ८०० कि.मी. तळ दिसायला चांगला असला तरी मधला फेस बसलेला असतो. पॅसिफिक क्रेस्टला सहा जोड धरा. पाय सुजून मोठे होतात, म्हणून पहिला जोड नेहमीच्या मापापेक्षा अर्धा आणि तिसऱ्यापासूनचे एक माप मोठे घ्या. नखं दर पाच दिवसांनी सरळ कापायची. ओले पाय रात्री पूर्ण वाळवायचे आणि झोपायचा कोरडा मोज्यांचा जोड कधीही चालायला वापरायचा नाही, कितीही मोह झाला तरी.

अमेरिकेला जाणं जमणार नाही. महाराष्ट्रातच वर्षभराची अशी मालिका करता येईल का? (अशोक चौक)

जरूर. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात तीन वाटा घ्या, चढत्या क्रमाने: कात्रज ते सिंहगड, मग सिंहगड-राजगड-तोरणा, मग पन्हाळा ते पावनखिंड. दोन वाटांत किमान तीन आठवडे ठेवा. पहिली पाच-सहा तासांत होते, दुसरीला पूर्ण दिवस लागतो, तिसरी दोन दिवसांत करतात, तुम्ही एका दिवसात करून बघा. पावसाळ्यात वेळ लावू नका. शेवाळलेल्या कातळावर घड्याळाकडे बघत उतरणं जिवावर बेततं. राजगड-तोरण्यामधल्या सोंडेवर पाणी जवळपास नाही, तीन लिटर घेऊनच निघा. गडावर मुक्काम आणि अंधारात वावर यांचे नियम बदलत असतात, आधी चौकशी करा. वाट एकदा सावकाश बघून ठेवल्याशिवाय वेळ लावू नये. या वाटांवर ॲपलेशियनसारखे झाडांवर पाच बाय पंधरा सें.मी.चे पांढरे पट्टे नाहीत आणि चुकलेल्या ढोरवाटेत दोन तास सहज जातात.

सुरुवात आणि शेवट कुठला धरला ते नेमकं लिहून ठेवा: सिंहगडाचा पुणे दरवाजा की गाडीतळ, यात बऱ्याच मिनिटांचा फरक पडतो. पुढे कुणाला तुमची वेळ मोडायची असेल तर त्याला तीच जागा मिळाली पाहिजे.

पुरावा काय ठेवायचा? घड्याळ मध्येच बंद पडलं तर? (सात रस्ता)

निघण्याआधी बेत, प्रकार आणि दिशा जाहीर करा आणि आधीचा विक्रम ज्याच्या नावावर आहे त्याला कळवा. तशी रीत आहे. वाटेवर तीन गोष्टी समांतर ठेवा: मनगटावरच्या जीपीएस घड्याळाची नोंद, दर दहा-वीस मिनिटांनी जागा कळवणारं उपग्रह यंत्र आणि खिंडी, पाट्या, रस्ते यांचे वेळ-तारखेसह फोटो. एक बंद पडलं तर दुसरं उभं राहतं. घड्याळाची नोंद रोज रात्री थांबवून जतन करा आणि सकाळी नवी सुरू करा. चाळीस दिवसांची एकच फाइल बिघडली तर सगळं जातं. सुरुवातीच्या आणि शेवटच्या खुणेशी मात्र न थांबवलेलं चित्रीकरण हवं.

चार्जिंगला १०,००० एमएएचची पॉवरबँक, वजन सुमारे २०० ग्रॅम. विमानात ती हातातल्या बॅगेतच ठेवायची, चेक-इन सामानात चालत नाही. थंडीत रात्री ती, फोन आणि पाण्याचा गाळणीफिल्टर झोपायच्या पिशवीत घ्या. गोठलेला फिल्टर दिसायला धड असतो, पण आतल्या नळ्या फुटलेल्या असतात आणि त्यातून पाणी न गाळताच येतं. तो टाकून द्या आणि पुढच्या गावापर्यंत क्लोरीनच्या गोळ्या वापरा.